खण, चीट आणि चिंधी

रायपूर शहराच्या जुन्या भागात बूढा तलावाला लागून बूढापारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आपल्याकडील आळी किंवा पाडा. या तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक चौदा वर्षांचा मुलगा वडिलांच्या कामानिमित्त येथे आला व सुमारे दोन वर्षे बूढापाऱ्यात राहिला. त्याच परिसरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही आहे. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली काढणारा आणि पुढे 'गीतारहस्य' व 'दासबोध' हिंदीत नेणारा हा मराठी माणूस रायपूरचाच होऊन राहिला आणि १९२६ मध्ये तेथेच निवर्तला. एका बाजूला बंगाली घर, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि भोवताली छत्तीसगढी बोलणारे शहर, अशी ही वस्ती.

मराठी माणसे येथे आली ती भोसल्यांच्या मागोमाग. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार केला. पुढे इंग्रजी अमलात आणि १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे वकील, शिक्षक, कारकून आणि रेल्वेचे नोकर यांची ये-जा चालू राहिली. जी कुटुंबे तेथे स्थिरावली त्यांची भाषा हळूहळू बदलली. घरात मराठी आणि ओट्याखाली हिंदी, असा व्यवहार रूढ झाला. परंतु काही शब्द असे आहेत की त्यांना हिंदीत नेताच येत नाही, म्हणून ते मराठीच राहतात. कुंची, दुपटे, झबले, टोपडे, गोधडी हे त्यांपैकी होत. आणि हे सारे शब्द एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. त्या गाठोड्याला बाळंतविडा म्हणतात.

येथे 'विडा' याचा पानसुपारीशी संबंध नाही. नव्या बाळाला आणि बाळंतिणीला पाहावयास जाताना न्यावयाचा हा कपड्यांचा अहेर. तो विकत आणण्याची रीत अलीकडची. पूर्वी आजी, आत्या, मावशी यांनी महिना-दोन महिने आधीपासून तो शिवावयास घ्यावा असा प्रघात होता, आणि त्यासाठी लागणारे कापड दुकानातून क्वचितच येई. आजोबांचे विरलेले धोतर, आईची जुनी नऊवारी, ओटीत आलेले खण, परकर शिवून उरलेल्या चिटाच्या पट्ट्या, एवढ्या सामग्रीवर सारे काम भागत असे. बाळाच्या अंगाला पहिले वस्त्र जुनेच लागले पाहिजे, अशी समजूत आहे. तीत श्रद्धा आहे तशी व्यवहारबुद्धीही आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, सुटणारा रंग केव्हाच सुटलेला असतो आणि धागा मऊ पडलेला असतो. नव्या कोऱ्या कापडाला ही परीक्षा अजून द्यावयाची असते.

या गाठोड्यातील मानाचे वस्त्र म्हणजे कुंची. ती शिवतात खणाची. खणाचे मूळ गाव गुळेदगुड्ड. ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण त्याचे खरे गिऱ्हाईक शतकानुशतके महाराष्ट्रातच राहिले. खणाच्या वीणीचे वैशिष्ट्य असे की, त्यावरील बुट्टी छापलेली नसते, भरतकामाचीही नसते. मूळ ताण्याबरोबर जादा ताण्याचे धागे मागावर चढवून ती विणतानाच उमटविलेली असते. दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचे काठ असतात. एक खण म्हणजे एक चोळी, असे त्याचे मापच होते. पुढे गाठ मारावयाची चोळी बेतताना काठ दंडावर यावा अशा रीतीने कापड ठेवीत, आणि चिंधी वाया जाऊ देत नसत. दुकानात खणाची त्रिकोणी घडी घालून ठेवतात. तीच घडी नारळ व तांदळांबरोबर ओटीत पडते.

चोळी गेली, पण ओटी राहिली. त्यामुळे खणाची मोठी विचित्र अवस्था झाली. हळदीकुंकवाला मिळालेला खण कपाटात पडतो, पुढल्या समारंभात दुसऱ्या घरी जातो, आणि असा फिरत फिरत कधी कधी मूळ घरी परत येतो. त्याची घडी कोणी मोडीत नाही. त्या घडीची कुंची झाली तर तो खण निदान एका जिवाच्या डोक्यावर बसतो!

कुंचीचे बेतणे सोपे आहे आणि त्यातच तिचे सौंदर्य आहे. सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पंचावन्न सेंटिमीटर लांब असा खणाचा तुकडा घ्यावयाचा, तेवढेच मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे अस्तर घ्यावयाचे. रुंदीत मधोमध घडी घातली की वीस सेंटिमीटरची दुहेरी पट्टी होते. तिची वरची कड शिवून टाकली की एका टोकाला टोपीसारखा खोलवा तयार होतो. शिवण कपाळापासून मागे डोक्यावरून जाते, मोकळ्या कडा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली येतात आणि उरलेले कापड पाठीवर झुलते. मानेपाशी चार चुण्या घालून दोन बंद लावावेत. मागच्या टोकाला गोंडा आणि कडेला जरीची बारीक पट्टी लावण्याची चाल आहे. मात्र जर बाळाच्या गालाला लागता कामा नये. ती बाहेरच्या अंगाने, अस्तराची कड थोडी पुढे काढून लावली पाहिजे.

अस्तर हे केवळ शोभेसाठी नाही. जादा ताण्याने बुट्टी उठविल्यामुळे खणाच्या उलट बाजूला धागे सुटे तरंगत राहतात. त्यांत बाळाची बोटे अडकू शकतात. चोळी घालणाऱ्या प्रौढ स्त्रीला याचे काही वाटत नसे, परंतु महिन्याच्या मुलाच्या बाबतीत हा विचार करावाच लागतो. बंदही लांब असू नयेत. गाठ बसेल एवढेच ठेवावेत, आणि बाळ निजल्यावर कुंची काढून ठेवावी. ज्या जुन्या बायका कुंची उत्तम शिवीत त्यांचे शिक्षण बेताचे असेल, पण कापडाची उलट बाजू हाताने चाचपून पाहिल्यावाचून त्या कात्री लावीत नसत.

बूढापाऱ्यातील मराठी घराला पुण्या-साताऱ्याच्या घरापेक्षा एक लाभ अधिक आहे. त्याच्या हाताशी दोन-तीन देशांचे कापड असते. पश्चिम ओडिशातील मेहेर विणकरांचे संबलपुरी कापड रायपूरला परके नाही. त्याची नक्षी विणण्यापूर्वीच सुताला गाठी बांधून रंगविलेली असते, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखीच उमटते. दुपट्याला असे कापड फार चांगले, कारण त्याला उलट-सुलट नाही. बाळाला कसेही गुंडाळले तरी नक्षी वरच येते. चिटाचे तसे नाही. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी असते, म्हणून चिटाचे दुपटे दुहेरी करावे लागते. बस्तरच्या पनका विणकरांचे आणि पलीकडे कोरापूट जिल्ह्यातील कोटपाडच्या मिरगान विणकरांचे जाडे सुती कापडही या भागात ओळखीचे आहे. आलाच्या मुळांच्या सालीपासून काढलेला त्याचा तांबडा-तपकिरी रंग पिकलेल्या फळासारखा दिसतो. त्यावर मासे, खेकडे, कुऱ्हाडी अशी चित्रे विणलेली असतात. हे कापड बाळाच्या अंगाला जड पडेल, पण पिशवी, बटवा, पोथीचे बासन किंवा भिंतीवरचे कपाट-तोरण यांसाठी त्याच्यासारखे टिकाऊ दुसरे नाही.

गोधडीला छत्तीसगढीत कथरी म्हणतात. बंगालीत तिचेच नाव काँथा. या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'कन्था' या शब्दात आहे, आणि जुन्या मराठीत बैराग्याच्या अंगावरील जोडवस्त्रालाही कंथाच म्हणत. म्हणजे बूढापाऱ्यातील मराठी, बंगाली व छत्तीसगढी शेजारणी एकमेकींच्या पाककृतींवर नाके मुरडीत असल्या तरी त्या तिघींच्या अंथरुणात एकच वस्तू होती! चिंध्या जोडून वस्त्र करण्याची कल्पना या प्रदेशात जुनी आहे. रायपूरहून फार दूर नसलेल्या सिरपूर येथे १९५० नंतरच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित या मराठी संशोधकाने उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. त्या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच केलेले असावयाचे, असा विनयाचा नियम आहे. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशीच आखणी चीवरासाठी सुचविली, अशी कथा सांगतात. छत्तीसगढच्या भातखाचरांवरून नजर टाकली म्हणजे ती कथा कोणालाही पटावी.

गोधडीची रचना पाहिली तर तीत तीन थर असतात. खाली एक सबंध लुगडे, मध्ये जुन्या कापडाचे तुकडे, आणि वर दुसरे लुगडे किंवा रंगीत तुकड्यांची जोडणी. जमिनीवर हे थर सुरकुतीविना पसरून कडेने लांब टाके घालून पक्के करतात. मग दाभणाने किंवा जाड सुईने धावदोरा घालीत कडेपासून आत, चौकोनी वळणे घेत मध्यापर्यंत येतात. टाक्यांनी थर सरकत नाहीत हे उघडच आहे, पण त्यांचे आणखी एक काम आहे. दोन ओळींमध्ये थोडी हवा कोंडून राहते आणि ऊब खरोखर त्या हवेची असते. ओळी फार विरळ असतील तर आतले तुकडे गोळा होतात. फार दाट असतील तर हवेला जागा उरत नाही आणि गोधडी फळीसारखी ताठ होते. बोटाच्या रुंदीएवढे अंतर हे माप यातूनच ठरले आहे.

रंगांच्या बाबतीत नवशिक्यांची एक चूक नेहमी होते. सुंदर सुंदर तुकडे निवडून ते शेजारी शेजारी ठेवले की गोधडी सुंदर होईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात सगळीच बुट्टेदार कापडे एकत्र आली म्हणजे बाजार भरल्यासारखा गोंगाट होतो. दोन नक्षीदार तुकड्यांमध्ये एक साधा असावा, आणि गडद तुकड्याला फिक्याची सोबत असावी. त्रिकोण कापताना दुसरी अडचण येते. कापडाचा उभा आणि आडवा धागा ताणत नाही, पण तिरपी कड ताणते. म्हणून दोन तिरप्या कडा जोडताना हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर चौकोनाला पोट येते. नवे सुती कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, कारण ते आटते. लाल, निळे आणि काळे कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या वस्तूंतून काढून टाकावे, कितीही आवडीचे असले तरी.

तुकडे जोडण्याची ही कला एकट्या हिंदुस्थानची नाही, पण आपल्या कापडाने तिला परदेशात मोठा हातभार लावला. छापील सुती कापड, म्हणजे आपले छीट किंवा चीट, सतराव्या शतकात युरोपात गेले आणि इंग्रजीत 'चिंट्झ' हा शब्द झाला. त्याचे एवढे वेड लागले की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती वस्त्रे वापरण्यासच मनाई केली, आणि ती १७७४ पर्यंत टिकली. इंग्लंडातील लेव्हन्स हॉल या वाड्यात सुमारे १७०८ मधील तुकडेजोड पलंगपोस आहे. तेथील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या कामांत त्याची गणना होते, आणि त्याचे तुकडे हिंदी चिटाचेच आहेत. जी चीज पुन्हा मिळेल की नाही याची शाश्वती नाही तिचा बोटभर तुकडाही कोणी फेकीत नाही.

दारिद्र्यातून आलेली जोडणी मात्र वेगळी असते आणि पुष्कळदा अधिक धीट असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हळियाळ या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. आधी तुकडे जोडून मग टाके, असे त्या करीत नाहीत. कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा ठेवीत आणि टाकीत आतल्या बाजूस सरकतात. चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घातलेली त्रिकोणी 'फुले' लावतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्यांना वाटते. समुद्रापलीकडे अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. गुलामगिरीतून आलेल्या लोकांच्या या खेड्यातील स्त्रियांनी फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. थंडी घालविण्यासाठी जे शिवले ते चित्र म्हणून टांगले गेले.

आपल्याकडेही आता या वस्तूंना बाजार मिळू लागला आहे. खणाची तोरणे, पैशांचे बटवे, वहीची वेष्टने, कंदील, लग्नात पाहुण्यांना द्यावयाच्या पिशव्या, आणि अर्थात तयार बाळंतविडेही विकत मिळतात. पुष्कळ ठिकाणी महिला बचत गट हे काम करतात. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु तिच्यात दोन गोष्टी सलतात, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करून चालावयाचे नाही.

पहिली गोष्ट कापडाची. बाजारात 'खण' म्हणून जे विकले जाते त्यातील पुष्कळसे गुळेदगुड्डचे नसते, आणि हातमागाचेही नसते. यंत्रमागावर कृत्रिम धाग्याने तीच बुट्टी काढलेली असते. ते दिसावयास झगझगीत, किमतीला स्वस्त आणि तोरणाला पुरेसे असते. पण त्या खपातून खणाच्या मूळ विणकराच्या पदरात काहीच पडत नाही. खणाची चलती होते आणि खण विणणारा माग बंद पडतो, असा उलटा न्याय आहे. बाळाच्या कपड्यांपुरते तर हे कापड सर्वथा त्याज्य आहे. ते घाम शोषत नाही आणि रायपूरसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा सहज चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे अंगाला चिकटून पुरळ उठवते. ओळखण्याची रीत सोपी आहे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आकसतो आणि त्याची कडक गोळी होते.

दुसरी गोष्ट श्रमांची. गोधडीचे मोल लोक तुकड्यांवरून करतात आणि तुकडे तर फुकटचे! येथे थोडे गणित करून पाहावे. तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी बाळाची लहानशी गोधडी घेतली आणि दोन ओळींतले अंतर अर्धा इंच धरले, तर धावदोऱ्याची एकूण लांबी २१६ फूट होते. इंचाला पाच टाके धरले तर टाके झाले १२,९६०. सराईत हाताने मिनिटाला पंचवीस टाके पडतात असे मानले, तरी केवळ टाक्यांना साडेआठ तासांहून अधिक वेळ लागतो. त्यात कापणे, जोडणे, थर बसविणे आलेच नाही. म्हणजे दोन दिवसांचे काम झाले. अशा गोधडीला दुकानातल्या यंत्रशिवणीच्या रजईशी तोलून भाव पाडला, तर शिवणारीच्या दोन दिवसांची मजुरी शून्य धरल्यासारखे होते. घरच्या आजीने ती कधी मागितली नाही ही गोष्ट खरी. पण जी स्त्री त्यावर पोट भरू पाहते, तिला आजीच्या मायेचा दाखला देऊन कमी पैसे देणे हा सरळ अन्याय आहे. गोधडी विकत घेणाऱ्याने भाव करण्यापूर्वी हे टाके एकदा मोजून पाहावेत. निदान एका विताचे तरी.

घरी शिवणाऱ्यांपुढे वेगळाच पेच आहे. जुने लुगडे आता मिळत नाही. आईच्या साड्याच मुळी कृत्रिम धाग्याच्या, मग त्या जुन्या झाल्या तरी मऊ होत नाहीत. बूढापाऱ्याजवळच्या गोलबाजारात किंवा पंडरीच्या कापडबाजारात सुती कापड मुबलक आहे, पण ते कोरे आहे. यावर काही घरांतून एक तोड निघाली आहे. बाळाची चाहूल लागली की दोन-तीन मीटर साधी मलमल आणावयाची आणि आजीने ती चार-सहा महिने ओढणी म्हणून, उशीचा अभ्रा म्हणून वापरावयाची. ती रोज धुतली जाते, उन्हात वाळते, आणि सातव्या महिन्यापर्यंत पुरेशी जुनी होते. मग तिची झबली बेततात. झबल्याला बटणे नसतात, बंद असतात, आणि शिवण बाहेरच्या बाजूस दुमडून घातलेली असते, म्हणजे आत काही बोचत नाही. ही तोड कोणत्या एका घराने काढली असे म्हणता येणार नाही. ज्या ज्या घरी लुगडी संपली त्या त्या घरी ती सुचली असावी.

बाळ दीड-दोन वर्षांचे झाले की कुंची डोक्यात बसत नाही. झबली तर त्याच्या पुष्कळ आधी आखूड होतात. तेव्हा हे सारे स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, सुती फडक्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याबरोबर बांधून ठेवतात. धाकट्या भावंडाला ते निघते, मग चुलत भावंडाला, आणि कधी पुढल्या पिढीलाही. जेव्हा खण फारच विरतो तेव्हा कुंचीची शिवण उसवतात. जर वेगळी काढतात, गोंडा बाजूला ठेवतात, आणि काठासकट राहिलेला तो चाळीस सेंटिमीटरचा तुकडा पुन्हा गोधडीच्या चिंध्यांच्या टोपलीत जातो.